पराभवाचा हक्क

शिक्षकाच्या हातून घडणारी काही पापे पुण्याच्या वेषात येतात. माझे असेच एक पाप सांगतो. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पायाने अधू असलेला एक मुलगा होता. क्रिकेटच्या वेळी मी त्याला मैदानाच्या कडेला बसवून धावा मांडायला वही देत असे. त्याला त्रास होऊ नये हा माझा हेतू. आणि त्या हेतूवर मी मनातून खूशही होतो. एके दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, एकदा मला बाद तरी होऊ द्या की!" मी हसलो आणि वही पुन्हा त्याच्या हाती दिली.

त्या वाक्याचा अर्थ मला एस्थर व्हर्गीर या डच खेळाडूची कारकीर्द वाचताना कळला. आठव्या वर्षी एका शस्त्रक्रियेनंतर तिचे पाय लुळे पडले. पुढे चाकांच्या खुर्चीतून ती टेनिस खेळू लागली आणि तोच तिचा व्यवसाय झाला. २००० ते २०१२ या काळातल्या चारही पॅरालिम्पिक स्पर्धांत एकेरीचे सुवर्णपदक तिने मिळवले. २०१३ साली ती निवृत्त झाली, तेव्हा दहा वर्षांत एकेरीचे सलग ४७० सामने तिने जिंकले होते.

या खेळात मैदान तेवढेच, जाळीही तेवढ्याच उंचीची; फक्त चेंडू दुसऱ्या टप्प्यानंतर परतवला तरी चालतो. कोणी म्हणेल, ही सवलत झाली. मग विजयाचे मोल ते काय? चष्म्यावाचून मला फळ्यावरचे माझेच अक्षर दिसत नाही. पण मी तपासलेल्या वह्या सवलतीच्या, असे कोणी म्हणत नाही. शिवाय दुसरा नियम पाहा: खुर्ची हा खेळाडूच्या देहाचाच भाग, खेळात असलेला चेंडू तिला लागला की गुण गेला. पहिला नियम दार उघडतो. आत आल्यावर गय नाही, हे दुसरा सांगतो. मला वाटते, न्यायाला दोन्ही लागतात.

२००८ साली बीजिंगच्या अंतिम सामन्यात कोरी होमन या तिच्याच देशभगिनीने एस्थरला अगदी कड्यावर आणले होते. आणखी एक गुण, की सामना संपला असता. एस्थरने तो वाचवला आणि शेवटी तीच जिंकली. पण होमनने तिला हरवण्यासाठी जिवाचे रान केले, यात केवढा आदर होता! माझ्या दयेत तो नव्हता. दया नकोच असे मी म्हणत नाही; पण तिने आधी विचारावे, "बाबा रे, तुला काय हवे?" मी विचारले नाही. त्याने आपणहून सांगितले, तेही ऐकले नाही.

ती वही मला अजून आठवते. अक्षर मोत्यासारखे होते. वर्गातल्या प्रत्येकाच्या नावापुढे कधी ना कधी शून्य पडले होते. त्याचे नाव मात्र त्या वहीत कोठेच नव्हते.