गप्प झालेलं लेकरू आणि झोपलेलं लेकरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पौर्णिमा जवळ आली की कोगनोळीतल्या आपल्या ग्रुपवर गाडी कोण काढणार, किती माणसं होणार, भक्तनिवासात किती खोल्या मिळाल्या याची बोलणी सुरू होतात. नरसोबावाडी असो की वारीला पंढरपूर, आपण घरच्या घर निघतो आणि रात्री एकाच हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं ओळीनं अंथरूण टाकतो. मोठी माणसं नामस्मरण करत डोळे मिटतात. एखादं चार वर्षांचं लेकरू मात्र "घरी जाऊया" म्हणून रडायला लागतं, आणि सगळ्या हॉलच्या नजरा त्याच्या आईकडं वळतात.

आजच्या चिंतनाचा विषय हाच. अशा रात्री त्या लेकराला झोपवणं हे कुणाचं काम? आणि कसं झोपवायचं, हा फक्त सोयीचा प्रश्न आहे की धर्माचासुद्धा?

अशा वेळी कुठल्याही धर्मशाळेत ऐकू येणारी तीन वाक्यं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. "गप्प झोप, नाहीतर पोलीस येईल." "रडलास तर देव रागावेल." आणि तिसरं, "सकाळी उठल्या उठल्या घरी जाऊ", मुक्काम तीन दिवसांचा असला तरी. या वाक्यांनी लेकरू गप्प होतं, हे खरं. हॉलला बरं वाटतं. पण अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून पडलेलं लेकरू झोपलेलं नसतं. त्याला फक्त कळलेलं असतं की इथं रडण्यातही धोका आहे.

झोप म्हणजे काय, याचा विचार करून बघा. डोळे मिटायचे, हातपाय सैल सोडायचे, आणि आपलं काय होईल ते दुसऱ्यावर सोपवायचं. आपण गुरुचरणी ज्याला शरणागती म्हणतो, तिचाच हा रोजचा लहानसा पाठ आहे. अशी शरणागती हुकूम देऊन मिळत नाही. ती विश्वासातून येते. ज्याला देवाची भीती घालून झोपवलं, त्याला उद्या "देवावर विश्वास ठेव" कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सकाळी घरी न गेल्यावर आईच्या शब्दाचं काय? "अजून दोन रात्री इथं राहायचं आहे, मी तुझ्याजवळच आहे" हे खरं वाक्य आहे. त्यावर लेकरू थोडं जास्त रडेल, पण दुसऱ्या रात्री त्याच शब्दाच्या आधारानं झोपेल.

जुनी माणसं म्हणतील, आम्ही तर कुठंही झोपायचो, पोरांना सवय पाहिजे. बरोबर आहे. पण तेव्हा कुशीत घ्यायला आज्जी असायची, अंगावर घरचीच वाकळ असायची आणि शेजारी चुलत-मावस भावंडं असायची. जागा परकी असली तरी माणसं आपली होती. सवय लागते ती अशा आधारानं, एकटं सोडून नव्हे.

शिवाय नवी जागा मोठ्यांनाही जड जाते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या झोपेचा अभ्यास केला. नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची डावी बाजू जास्त सावध राहते, बारीक आवाजाची दखल घेते, असं त्यांना दिसलं. मोठ्यांचं असं होतं, तर लेकराचा हट्ट म्हणून कसं सोडून द्यायचं?

काही जण म्हणतात, देवाच्या दारी एक रात्र झोप कमी झाली तर काय बिघडतं? यावर पंढरीतच उत्तर आहे. आषाढीच्या आधी विठुरायाचा पलंग काढतात, शेजघर बंद होतं, आणि देव रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो. पण वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य असतो, आणि पलंग परत मांडला जातो. साक्षात देवाचाही शिणवटा मानणारी आपली परंपरा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही झोप आणि जागरण दोन्ही बेतानं असावं असंच सांगितलं आहे.

आता हिशेब बघा. झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी, दुपारची झोप धरून, 10 ते 13 तास झोप सांगतात, आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास. रात्री 11 ला आडवं झालेलं आणि काकड्यासाठी पहाटे 5 ला उठवलेलं लेकरू 6 तासच झोपलं. मग ते दिवसभर किरकिर करतं आणि आपण म्हणतो, संस्कार कमी पडले.

दुसरी बाजूही खरी आहे. त्याच हॉलमध्ये गुडघेदुखीच्या आज्जी असतात, दिवसभर महाप्रसादाच्या रांगेत वाढलेले सेवेकरी असतात. त्यांचाही झोपेवर हक्क आहे. म्हणूनच हे एकट्या आईचं काम राहत नाही, ते सगळ्या हॉलचं होतं. लहान मुलांच्या घरांना दारापासून लांब, भिंतीकडची जागा द्यावी. 9 ला मोठा दिवा बंद करून बारीक दिवा ठेवावा, मोबाईल आणि गप्पा बाहेर न्याव्यात. उजेड असतानाच लेकराला हॉल, संडास-बाथरूम आणि आपण कुठं झोपणार ते दाखवावं. घरची वाकळ किंवा आईची जुनी साडी सोबत घ्यावी, तिचा ओळखीचा वास मोठं काम करतो. घरी झोपताना जे करतो, हातपाय धुणं, गोष्ट, नामस्मरण, ते त्याच क्रमानं तिथंही करावं. आणि एक दिवस बाबांनी लेकराजवळ बसावं, आईनं शेजारतीला जावं. झोपलेल्या लेकराजवळ बसणं ही सेवाच आहे.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लेकरू आपल्याच माणसाच्या कुशीजवळ झोपावं. ते "मला यांच्याजवळ झोपायचं नाही" म्हणालं, तर समोरचा कितीही जवळचा असो, गुरुबंधू असो की पाहुणा, जागा बदलावी. "असं म्हणू नये, काका आहेत ते" असं दटावू नये. कारण नंतर, एकांतात, शांतपणे विचारावं. मोठ्या माणसाचा मान सकाळी नमस्कारानं राखता येतो. लेकराचं "नको" एकदा दाबलं, तर पुढं खरोखर गरज पडेल तेव्हा ते बोलणारच नाही. ज्या काकांना यात अपमान वाटत नाही, तेच लेकराचे खरे काका.

येत्या पौर्णिमेला निघण्याआधी हे घरात मोठ्यानं वाचावं, आणि खोल्यांची वाटणी करताना लेकरांचा विचार आधी व्हावा, ही विनंती.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏