माया हा पुरावा नव्हे

जून 2025 मध्ये स्वीडनच्या सरकारी चौकशी आयोगाने परदेशातून मुलं दत्तक घेणं थांबवावं अशी शिफारस केली. त्याआधी मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मान्य केलं, की देशाबाहेर पाठवलेल्या अनेक मुलांचे कागद खोटे होते. आईबाप हयात असलेली मुलं अनाथ म्हणून नोंदवली गेली आणि सरकारने तिकडे डोळेझाक केली. चीनने 2024 मध्येच हे दार बंद केलं. नेदरलँड्सनेही त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने थांबायचं ठरवलं. या बातम्यांचा आधार घेऊन आमच्या ओळखीच्या एका मराठी अभ्यासकांनी लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा, की श्रीमंत देशांतल्या बायका गरीब देशांतल्या बायकांची मुलं पैसे मोजून आणतात आणि तो व्यवहार झाकण्यासाठी त्याला मातृत्व म्हणतात.

मी न्यू जर्सीत राहते. माझं पारपत्र अमेरिकेचं आहे, भारताचं ओसीआय कार्ड आहे, आणि आमची मुलगी महाराष्ट्रातल्या एका शिशुगृहातून आमच्याकडे आली आहे. म्हणजे हा लेख माझ्याविषयी होता. तो मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात वसाहतवाद होता, बाजारपेठ होती, जागतिक विषमता होती. एक गोष्ट कुठेच नव्हती, ती म्हणजे बाळ घरात आल्यावर उजाडणारा दिवस.

आमची मुलगी जन्मली तेव्हा तिचा ओठ आणि टाळू दुभंगलेले होते. ओठाची शस्त्रक्रिया भारतातच झाली, टाळूची इथे आल्यावर. टाळू उघडी असलेल्या बाळाला दूध ओढून घेता येत नाही, कारण तोंडात पोकळी धरतच नाही. त्यासाठी दाबता येणारी मऊ बाटली असते. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, त्याच्या गिळण्याच्या लयीत बाटली दाबायची, घाई केली की दूध नाकातून येतं. एकेका बाटलीला अर्धा-पाऊण तास लागतो. शस्त्रक्रियेनंतर बोटं तोंडात जाऊ नयेत म्हणून तिच्या दोन्ही कोपरांना आधारपट्ट्या बांधलेल्या होत्या. त्या दिवसांत तिला आपलं नाकही खाजवता येत नव्हतं. ते आम्ही खाजवायचो. प, ब, ट, क हे वर्ण तोंडात हवा दाबून धरल्याशिवाय उमटत नाहीत, म्हणून ‘बाबा’ यायला उशीर लागला. बोलायला शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला येतात आणि आरशासमोर तिच्याबरोबर फुंकर मारायचा खेळ खेळतात.

पहिल्या महिन्यात ती रात्री जागी व्हायची आणि रडायची नाही. डोळे उघडे ठेवून पडून राहायची. शिशुगृहातल्या मावशा मायाळू होत्या, पण पाळणे पुष्कळ आणि हात थोडे. रडून कुणी लगेच येत नाही हे तिला कळून चुकलं होतं. म्हणून आम्ही आळीपाळीने तिच्या शेजारी झोपायला लागलो. ती हलली की हात लावायचा, ‘आहे गं मी’ म्हणायचं. काही आठवड्यांनी एका रात्री ती मोठ्याने रडली. मला फार बरं वाटलं.

सॅरा रडिक या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी 1989 साली ‘मॅटर्नल थिंकिंग’ हे पुस्तक लिहिलं. मूल तीन गोष्टी मागतं, असं त्या मांडतात: मला जगवा, मला वाढू द्या, आणि मला तुमच्या माणसांत वावरण्याजोगं करा. या मागण्यांना रोज उत्तर देणारी व्यक्ती ती आई. जन्म देणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा मान वेगळा. पण जन्म दिलेल्या बाईलाही पुढे मूल स्वीकारावंच लागतं. त्या अर्थाने प्रत्येक आई दत्तक घेणारीच असते. रडिकबाईंनी मला शिकवलं, की आईपण ही करण्याची गोष्ट आहे आणि करता करता त्यातून विचाराची एक रीत तयार होते. त्या अभ्यासकांना माझं पहिलं उत्तर हेच आहे. पैसे मोजून काय मिळतं? घराच्या पाहणीचा (होम स्टडीचा) अहवाल, व्हिसा, विमानाचं तिकीट. बाटली दाबण्याची लय विकत मिळत नाही.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही मला काही सांगायचं आहे, कारण रोज भेटतात ते तेच. मंडळाच्या गणपतीत, किराणा दुकानात, फोनवर. ‘केवढं पुण्य केलंत!’ ‘नशीब काढलं पोरीने!’ आणि मग आवाज उतरवून, ‘कुणाची आहे काही कळलं का?’ या प्रश्नात जात विचारलेली असते. आपल्याकडे दत्तकविधान शतकानुशतकं चालत आलं, पण ते वारसासाठी, पिंडासाठी, गादीसाठी. सातारा संस्थान 1848 मध्ये खालसा झालं आणि 1854 मध्ये झाशी, ही दोन्ही दत्तक वारस नाकारूनच. त्या सगळ्या इतिहासात घराला मूल हवं होतं. मुलाला घर हवं असतं ही गोष्ट कुणी विचारात घेतली नव्हती. हिंदू कायद्याने मुलीला दत्तक घेण्याची वाट 1956 साली मोकळी केली. माझ्या मुलीचं नशीब कुणी मोजू नये. जिच्या आयुष्यात आई, भाषा ऐकवणाऱ्या मावशा, पाळणा आणि देश एवढं सगळं सव्वा वर्षाच्या आत सुटलं, तिच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवणं क्रूर आहे.

इथपर्यंत माझी बाजू मला भक्कम वाटते. पण त्या लेखात एक नाव आलं होतं, त्यापाशी मला थांबावं लागलं: डेव्हिड स्मोलिन.

स्मोलिन हे अलाबामातले कायद्याचे प्राध्यापक. 1998 साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आंध्र प्रदेशातून दोन बहिणी दत्तक घेतल्या. मुली मोठ्या होत्या, बोलू शकत होत्या. आईने आपल्याला सोडलेलं नाही, आपल्याला तिच्यापासून चोरलं गेलं आहे, असं त्यांनीच सांगितलं. आईने त्यांना शिक्षण आणि निवारा मिळावा म्हणून संस्थेत ठेवलं होतं. संस्थेने कागद बदलले. आईचा पत्ता लागायला वर्षं गेली. स्मोलिन यांनी या पद्धतीला ‘मुलांचं लाँडरिंग’ म्हटलं: काळा पैसा जसा खात्याखात्यांतून फिरवून पांढरा करतात, तसं चोरलेलं मूल शिक्क्याशिक्क्यांतून फिरून कायदेशीर अनाथ होऊन बाहेर पडतं. त्यांचं म्हणणं मला सर्वांत जास्त बोचतं, ते पुढच्या मुद्द्यामुळे. प्रत्येक पुढचा माणूस मागच्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. न्यायालय संस्थेवर, दूतावास न्यायालयावर, आईबाप दूतावासावर. साखळीतल्या कुणालाही खोटं बोलावं लागत नाही. सुरुवातीला एकाने बोललं की पुरतं.

स्मोलिन दाम्पत्यही त्या मुलींना जेवू घालत होतं, आजारपणात उशाशी बसत होतं. रडिकबाईंच्या तिन्ही मागण्या त्या घरात पुऱ्या होत असणार. तरी त्या मुली चोरलेल्याच होत्या. म्हणजे माझ्या पहिल्या उत्तराची हद्द इथे येते. रोजच्या कष्टांतून नातं घडतं, पूर्ण खरं नातं घडतं. पण ते नातं मागे जाऊन कागदाला खरं करू शकत नाही. माया हा पुरावा नव्हे.

हा धोका भारताने ओळखला नाही असं नाही. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये निकाल दिला आणि परदेशी दत्तकावर पहिल्यांदा नियमांचं कुंपण आलं. 1990 मध्ये दत्तक प्रक्रियेवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था ‘कारा’ स्थापन झाली. परदेशी दत्तकाविषयीचा 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये स्वीकारला. आज मूल सोडून देणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, आणि आमच्यासारख्यांचा विचार देशातल्या पालकांनी मूल न घेतल्यावरच होतो. आमच्या मुलीचा ओठ पाहून देशातली कुटुंबं पुढे गेली. म्हणूनच, जगभर बंदी घाला हे म्हणणं मला मान्य नाही. ज्या मुलाला देशात घर मिळालेलं नाही, त्याला मोठ्यांच्या पापाची शिक्षा म्हणून संस्थेत वाढवायचं, हा न्याय नव्हे.

मात्र फेरविचाराच्या त्या दोन महिन्यांत आईच्या हातात काय असतं? इथे मला पुण्यातले जोतीराव आणि सावित्रीबाई फुले आठवतात. 1863 साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, म्हणजे फसवल्या गेलेल्या विधवांना निर्धास्तपणे बाळंत होता यावं. तिथल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी 1874 मध्ये आपला केला; यशवंत पुढे डॉक्टर झाला. दत्तकाचं एवढं उजळ उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. पण त्यांच्या कामाचा क्रम पाहा. आधी आईसाठी जागा, मग मुलाचा प्रश्न. आपण तो क्रम उलटा केला आहे.

आकडेच सांगते. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. संकटातल्या घरातलं मूल घरातच वाढावं म्हणून महिन्याला 2,250 रुपये. काराच्या 2017 च्या नियमावलीत देशातल्या पालकांनी संस्थेला द्यायची रक्कम 40 हजार रुपये होती, आणि परदेशी जाणाऱ्या मुलामागे 5 हजार डॉलर. डॉलर 85 रुपयांच्या आसपास धरला, तर एका मुलाला परदेशी पाठवताना संस्थेच्या हाती येणाऱ्या पैशात तेच मूल सावित्रीबाईंच्या योजनेखाली आपल्या आईजवळ पंधरा वर्षांहून अधिक काळ राहू शकतं. आम्हीही डॉलर भरले आहेत. त्या संस्थेवर माझा आरोप नाही. पण जिथे आईपासून सुटलेल्या मुलाची किंमत आईजवळच्या मुलापेक्षा इतकी जास्त असते, तिथे चांगल्या माणसांच्या भरवशावर व्यवस्था सोडून देता येत नाही. या फरकात स्मोलिन यांच्या साखळीची पहिली कडी आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. परदेशी दत्तकाचा पैसा मूल देणाऱ्या संस्थेला मिळू नये. तो शासनाकडे जावा आणि तिथून एकट्या आयांच्या मदतीसाठीच खर्च व्हावा. आणि मुळांचा शोध घेण्याचा जो हक्क नियमांनी मुलाला दिला आहे, त्यासाठी लागणारे मूळ कागद संस्था बंद पडली तरी शासनाने जपून ठेवावेत.

आणि एक काम माझ्यासारख्या आयांचं. आमच्या मुलीच्या बालरोगतज्ज्ञांकडे घरच्या आजारांचा तक्ता भरायचा असतो. तो रिकामा असतो. जन्मतारीख अंदाजाने धरलेली आहे. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुली लवकर वयात आल्याचं 1991 मधल्या संशोधनात दिसलं होतं. तेव्हा पुढे तिला काय सांगायचं याची तयारी आत्तापासून करावी लागते. हे सगळं करताना एक गोष्ट मला पटली आहे, की तिचा भूतकाळ सांभाळणं हेही तिला जगवण्याचाच भाग आहे. मी शिशुगृहाला प्रश्न विचारते, उत्तरं लिहून ठेवते, विसंगती दिसली तर पुन्हा विचारते. त्यातून मला नको असलेलं काही निघालं, तर तेही तिचंच आहे. तिला जन्म देणारी बाई कुठेतरी आहे. तिच्याविषयी या घरात आदराने बोललं जाईल, आणि मुलीने शोध घ्यायचं ठरवलं तर मी बरोबर जाईन.

आमच्या अभ्यासक मित्रांनी बंदीसाठी मोहीम उभारण्याआधी त्या 2,250 रुपयांसाठी मोहीम उभारावी. मी तीत त्यांच्याबरोबर असेन. कुठल्याही आईला केवळ पैशाअभावी आपलं मूल सोडावं लागू नये, हे ठासून सांगण्याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्या आयांवर इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे. त्यामुळे आमच्यासारखी घरं कमी झाली, तर ती कमी व्हायलाच हवीत.