कागद चढला की दिसणार नाही



आजचं वाचन भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४. शरीराचं तप म्हणजे काय, ते भगवान इथे सांगतात. देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी माणसांचं पूजन, शुचिता, ब्रह्मचर्य, अहिंसा. आणि या यादीत मध्येच एक शब्द येतो, आर्जव.

हा शब्द मी कित्येक वर्षं चुकीचा वाचत होतो. आपण मराठीत आर्जव म्हणतो ते विनवणीला. साहेबांची आर्जवं करून सुट्टी मिळवली, वगैरे. त्यामुळे देवापुढे गयावया करणं हेही तप असेल, असं मी धरून चाललो होतो. मूळ शब्द आहे ऋजु, म्हणजे सरळ. त्यावरून आर्जव, सरळपणा. तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत तो आहे, सोळाव्यात दैवी संपत्तीत आहे. तिथे काही खटकत नाही. इथे मात्र मी अडखळतो. कारण खरं बोलणं पुढच्या श्लोकात, वाणीच्या तपात येतं. भावनेची शुद्धी त्याच्याही पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात. मग सरळपणा शरीराच्या खात्यात कसा काय? सरळ किंवा वाकडं तर मन असतं ना?

मला याचं जे उत्तर सापडलं ते विरारच्या आमच्या वन बीएचकेत, जेवणाच्या टेबलावर. थोडं लाजिरवाणं आहे, तरी सांगतो.

मे महिन्याच्या सुट्टीत माझा अकरा वर्षांचा भाचा राहायला आला होता. मोबाइल सुटावा म्हणून मी लाकडी विमानाचं एक किट मागवलं. पायपर सुपर कब, बुश प्लेन. जिथे धावपट्टी नाही तिथे उतरणारं विमान. अलास्कात नदीच्या वाळूत, कॅनडात बर्फावर. पंख वर, टायर जाडजूड, एक छोटं चाक शेपटीला. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ या विमानांचं चुलत भावंडच म्हणा. जुहूचं मैदान तेव्हा पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून टपालाचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. आई म्हणाली, घरात पोळ्या लाटायला जागा नाही आणि तुम्ही विमानं बांधताय! मी तिला कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट सांगितली. त्यांनी आमच्याच पश्चिम रेल्वेवर, कांदिवलीत, इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. आई म्हणाली, त्यांच्याकडे गच्ची होती.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नकाशाचा कागद फळीवर पसरायचा, वर पारदर्शक प्लास्टिक. त्यावर बाल्साच्या पट्ट्या टाचण्यांनी रोवायच्या. पंखात दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या बरगड्या असतात, एकामागे एक, आणि त्यांना धरून ठेवणारी एक लांब तुळई. बाल्सा इतकं हलकं की तळहातावर वजन कळत नाही. सगळं सुकलं की काचपेपरने घासायचं, मग वर पातळ कागद चिकटवायचा आणि पाण्याचा बारीक फवारा मारायचा. कागद सुकताना ढोलकीसारखा ताणला जातो. काय सुंदर दिसतं म्हणून सांगू! सांगाडा आत जातो आणि पंख पंखासारखा दिसायला लागतो.

एका रात्री लोकल रखडली, घरी पोचायला अकरा वाजून गेले. भाचा झोपला होता. म्हटलं, डावा पंख संपवून टाकू. अंगठ्याचा दाब जास्त पडला आणि चौथी बरगडी कटकन मोडली. मी झटपट चिकटणारा गोंद लावला, दोन्ही तुकडे धरले, घट्ट झालं. थोडी कललेली राहिली. ठीक आहे, म्हटलं.

सकाळी भाच्याने पंख खिडकीशी धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "मामा, ही वाकडी आहे."

मी दात घासत होतो. म्हटलं, "अरे, कागद चढला की दिसणार नाही."

आणि तोंडात ब्रश तसाच राहिला. हे वाक्य माझं नव्हतंच. तीन आठवड्यांपूर्वी मी ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलं होतं.

आमची इमारत बावीस वर्षांची. खाली पार्किंगमध्ये एका खांबाचं प्लास्टर फुगलंय, एका जागी सळी उघडी पडलीय. समुद्राची खारी हवा, त्यात गळती. लोखंड गंजतं तेव्हा फुगतं, आतून काँक्रीटला ढकलतं, त्याला चिरा पडतात. चिरांतून आणखी पाणी आत जातं. वरून नवं प्लास्टर केलं म्हणून गंज थांबत नाही, फक्त झाकला जातो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत लिहिलंय की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. आमचं कधीच झालेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या आदल्या रात्री विरार पूर्वेला इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा आमच्या ग्रुपवर चार दिवस ऑडिटशिवाय दुसरा विषय नव्हता. मग दुसरे विषय आले. या मे महिन्यात कमिटीत ठरलं की पावसाआधी खांबाला प्लास्टर आणि रंग मारून घेऊ, ऑडिटचं पुढच्या वर्षी बघू. कोणीतरी म्हणालं, "रंग मारला की दिसणार नाही." मी कमिटीवर आहे. मी सही केली.

का केली? मला फ्लॅट विकायचाय. ऑडिटचा अहवाल आला असता तर भाव पडला असता. एवढंच. याला दुसरं कारण नाही.

आता पस मॉथचीच एक गोष्ट, जी मला नंतर वाचताना कळली. १९३० च्या सुमारास या विमानांना एकामागून एक अपघात झाले, पंख हवेतच निकामी होऊन. चौकशीनंतर पंखाच्या आधाराला एक छोटी जादा दांडी बसवण्यात आली. जमिनीवर ती विमानं देखणी आणि धडधाकट दिसत होती. दोष कळला तो माणसं गेल्यावर.

आपण लहानपणापासून ऐकतो की देव सगळं बघतो. मला हे वाक्य कधीच फारसं पटलेलं नाही, देव म्हणजे काही सोसायटीचा सीसीटीव्ही नव्हे. आणि पंखाला कोणी बघायची गरजच नसते. बरगडी कललेली असली तर कागद ताणताना तोच पंखाला पिळतो, आणि विमान एका बाजूला गिरक्या घेत खाली येतं. तिथे माझी लबाडी दोन मिनिटांत उघडी पडली असती. खांबाचं तसं नाही. तो कदाचित पंधरा वर्षं उभा राहील. तोवर मी दुसरीकडे असेन आणि माझ्या खोलीत दुसऱ्याच कुणाचं पोर झोपलेलं असेल. म्हणजे पकडलं जाण्याच्या भीतीवर सरळपणा टिकत नाही. त्याच अध्यायात थोडं पुढे, फळाची अपेक्षा न ठेवता केलेलं तप आणि मानासाठी, दिखाव्यासाठी केलेलं तप यांत भगवान फरक करतात, तो मी आजवर फक्त उपासतापासांना लावत होतो.

आणि शरीराच्या खात्याचं म्हणाल तर, मी मीटिंगमध्ये एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. बोललोच नव्हतो. मनातही कुणाचं वाईट नव्हतं. वाकडं काम केलं ते हाताने. अंगठ्याने बरगडी दाबली, त्याच हाताने पेन धरलं. टीकाकार या शब्दाचा अर्थ वेगळा लावत असतील, मी आपला माझ्यापुरता सांगतोय.

रविवारी आम्ही ती बरगडी ब्लेडने कापून काढली. उजव्या पंखातल्या बरगडीवरून पेन्सिलने माप घेतलं, उरलेल्या बाल्साच्या तुकड्यातून नवी कापली. तीन तास गेले. दोनदा चुकली. तिसरी भाच्याने कापली, तीच बसली. पंख आता फळीवर टाचण्यांत आहे, कागद अजून चढवलेला नाही. विमान उडवायचं ते पाऊस सरल्यावर, राजोडीच्या वाळूत, ओहोटीला.

सेक्रेटरींना मी लेखी कळवलंय की माझी सही मागे घेतो आणि ऑडिटसाठी विशेष सभा बोलवा. त्यांनी दोन निळ्या टिकांपलीकडे अजून काही उत्तर दिलेलं नाही. बायको दोन दिवस गप्प होती. काल म्हणाली, निदान टोकनचे पैसे घेतलेले नाहीत आपण.

शनिवारी अकरा वाजता एक जोडपं फ्लॅट बघायला येतंय. त्यांना आधी खाली पार्किंगमध्ये नेणार आहे.