झाकलेलं अंडं

नोव्हेंबर २०२१ मध्ये वडोदरा महापालिकेच्या स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष हितेंद्र पटेल यांनी अधिकाऱ्यांना तोंडी सूचना दिल्या. अंडी, मासे, मटण विकणाऱ्या लाऱ्यांवरचा, म्हणजे हातगाड्यांवरचा, माल झाकलेला असावा, येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिसता कामा नये. कारण स्वच्छतेचं सांगितलं, रहदारीचं सांगितलं, आणि जोडीला धार्मिक भावनांचंही. राजकोटमध्ये असंच काही सुरू झालं होतं. अहमदाबादने तर पुढे जाऊन सार्वजनिक रस्त्यांलगत अशा लाऱ्यांना मनाई केली, आणि शाळा, धर्मस्थळं यांच्यापासून १०० मीटर अशी हद्दच आखली.

पहिली दोन कारणं महापालिकेच्या रोजच्या कामातली आहेत. पण माशी सेव-उसळीवरही बसते, आणि सेव-उसळीची लारीही रस्त्याची तेवढीच जागा अडवते. त्यामुळे फक्त आमलेटवाल्याला वेगळं काढायचं, तर सगळा भार तिसऱ्या कारणावर येतो. दुसऱ्याचं अन्न नुसतं नजरेस पडल्याने ज्याचं मन दुखावतं, त्याच्या दुखावण्याला हद्द आखण्याचा अधिकार मिळतो का?

गुजरातेत या प्रश्नामागे अहिंसेची मोठी परंपरा उभी आहे. जैन आणि वैष्णव घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, तिची टिंगल करणं हलकेपणाचं ठरेल. पण फडकं टाकल्याने कोंबडीचं काय भलं झालं? ती मरायची तशी मरतेच. अंडं फुटतं, तवा तापतो, गिऱ्हाईक खातं. बदल होतो तो फक्त रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यांपुरता. म्हणजे प्राण्याविषयीची करुणा आणि स्वतःच्या सोवळ्याची काळजी या दोन गोष्टी इथे एकाच नावाने वावरतात, आणि फडकं दुसरीच्याच कामी येतं.

महाभारताच्या वनपर्वात या पेचाची जुनी गोष्ट आहे. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेला पाठवलं जातं, तेही मांस विकणाऱ्या व्याधाकडे. पाठवते एक गृहिणी. कौशिक पोहोचतो तेव्हा धर्मव्याध हरणाचं आणि म्हशीचं मांस विकत असतो, गिऱ्हाइकांची गर्दी असते, आणि ब्राह्मण एका बाजूला अंग चोरून उभा राहतो. व्याधाच्या ते ध्यानात येतं. ही जागा तुमच्याजोगी नाही, हवं तर घरी जाऊ, असं तो आपणहून म्हणतो. पुढे तो सांगतो की आपण स्वतः जीव मारत नाही, मांस खातही नाही. पण नांगर चालवणाऱ्याच्या हातूनही असंख्य जीव मरतात, पूर्ण अहिंसक असा कोण आहे? या उपदेशाची चर्चा पुष्कळ होते, जागेची फारशी होत नाही. ज्याला अवघडल्यासारखं झालं तो तिथून हलला. अदब व्याधाने दाखवली, ती कुणी सांगितली म्हणून नव्हे. आणि दुकान मिथिलेच्या बाजारात होतं तिथेच राहिलं.

वडोदऱ्यातल्या मराठी घरांना ही अदब नवी नाही. गायकवाडांच्या या शहरात कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा अख्खा श्रावण. पाळणारी सासू आणि न पाळणारा जावई एकाच छपराखाली राहतात, मटणाचं पातेलं वेगळं असतं. ही तडजोड घरात रोज नव्याने होते, कधी कुरकुरत. त्यासाठी स्थायी समितीला कुणी विचारत नाही.

गांधींचंच उदाहरण घ्या. शाळकरी वयात राजकोटमध्ये त्यांनी मित्राच्या नादाने चोरून मांस खाल्लं, आणि सोडलं ते आईवडिलांशी खोटं बोलणं सहन होईना म्हणून. विचारपूर्वक शाकाहार पुढे लंडनमध्ये आला, हेन्री सॉल्ट यांचं पुस्तक वाचून. एवढा कट्टर शाकाहारी माणूस जुलै १९४७ मध्ये गोहत्याबंदीच्या कायद्याची मागणी झाली तेव्हा म्हणाला की आपलं व्रत इतरांवर कायद्याने लादता येणार नाही.

न्यायालयांनी मात्र सरसकट एकच बाजू घेतलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हृषीकेशच्या पालिका हद्दीत मांस, मासे आणि अंडी विकण्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उचलून धरली. २००८ मध्ये अहमदाबादचे कत्तलखाने पर्युषणात ९ दिवस बंद ठेवण्याचा ठरावही त्याने मान्य केला. पण त्याच निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी लिहिलं की माणसाने काय खावं ही त्याची खासगी बाब आहे, आणि बंदी दीर्घ काळाची असती तर कदाचित ती टिकली नसती. म्हणजे एका ठिकाणी तीर्थक्षेत्राची मर्यादा होती, दुसरीकडे दिवसांची. वडोदऱ्याच्या तोंडी सूचनेला तीर्थाचा आधारही नव्हता आणि शेवटची तारीखही.

शिवाय २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. विक्रीच्या जागांचा विचार नगर पथविक्रेता समितीत व्हावा, आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवालेच असावेत, असं तो सांगतो. तिथे निदान समोरासमोर बसून बोलावं लागतं.

गाजावाजा झाल्यावर मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनी, कोण काय खातो याच्याशी सरकारला देणंघेणं नाही, प्रश्न आरोग्याचा आणि रहदारीचा आहे, असं सांगितलं. डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या काही लारीवाल्यांची याचिका गुजरात उच्च न्यायालयात आली. लोकांनी बाहेर काय खावं हे तुम्ही कसं ठरवता, असं न्यायमूर्ती बिरेन वैष्णव यांनी तिथल्या महापालिकेला खडसावलं. महापालिकेच्या वकिलांचं उत्तर होतं की मांसाहाराविरुद्ध कारवाई नाहीच, ती फक्त अतिक्रमणाविरुद्ध आहे. ज्या तिसऱ्या कारणावरून एवढी धूळ उडाली, त्याची मालकी न्यायालयात घ्यायला महापालिका तयार नव्हती.