दात्याची सायकल आणि वाटेवरचा यजमान

हिवाळा सुरू झाला की काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने निघणाऱ्यांच्या बातम्या छापून येऊ लागतात. कुणी कर्करोगाच्या रुग्णांसाठी, कुणी मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभा करायला निघालेले असते, आणि या बातम्यांच्या पाठोपाठ एक आक्षेपही दरवर्षी नव्या जोमाने मांडला जातो. पायडल मारण्याचा आणि रुग्ण बरा होण्याचा काही संबंध नाही. सायकल, मुक्काम, सोबतची गाडी यांवर होणारा खर्च सरळ रुग्णालयाला दिला असता तर अधिक भले झाले असते, म्हणून असा प्रवास ही सेवेच्या नावाने भागवलेली हौस होय, असे आक्षेपकांचे म्हणणे असते. दिलेल्या प्रत्येक रुपयाने मोजता येण्याजोगे किती हित साधले यावरून दानाची किंमत ठरवणाऱ्या विचाराला, म्हणजेच ‘परिणामकारक परोपकारा’ला, गेल्या काही वर्षांत सुशिक्षितांमध्ये जी मान्यता मिळाली तिचा आधार या आक्षेपाला आहे. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या 1972 सालच्या निबंधापासून या विचाराची वाट सुरू होते. हा आक्षेप चुकीचा आहे. मात्र सायकलस्वारांचे कैवारी त्याला जे उत्तर देतात तेही तितकेच चुकीचे आहे.

कैवाऱ्यांचे उत्तर पैशाच्याच भाषेत असते आणि त्या भाषेत ते बिनतोड आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1980 साली 36 सायकलस्वारांनी ‘पॅन-मॅस चॅलेंज’ नावाचा प्रवास सुरू केला. पहिल्या वर्षी त्यांनी दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमवली आणि आज डेना-फार्बर या कर्करोग संस्थेला त्या उपक्रमातून मिळालेल्या एकूण निधीने एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आहे. एवढी रक्कम घरी बसून धनादेश लिहिणाऱ्यांकडून आपोआप आली असती असे म्हणणे कठीण आहे, कारण ओळखीचा माणूस घाम गाळतो आहे हे पाहून हात खिशाकडे जातो, आणि प्रायोजित प्रवासाची, म्हणजे ‘अमुक अंतर कापल्यास अमुक रक्कम देऊ’ अशा वचनांवर चालणाऱ्या प्रवासाची, सारी यंत्रणा याच मनोव्यापारावर उभी असते. परंतु हा युक्तिवाद मान्य केला की सायकलस्वार हा निधी गोळा करण्याचे साधन उरतो. उद्या नाचून किंवा उपाशी राहून अधिक पैसे जमतात असे दिसले, तर सायकल घरी ठेवणेच श्रेयस्कर ठरेल. कॅलिफोर्नियात 1994 साली डॅन पॅलोटा यांनी एड्सग्रस्तांसाठी सुरू केलेल्या सायकलयात्रांवर पुढे व्यवस्थापनाच्या खर्चावरून टीका झाली आणि 2002 साली त्यांची कंपनी बंद पडली. त्या वादात दोन्ही बाजूंनी आकडे पुष्कळ फेकले गेले, मात्र मुळात सायकलच का, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न नीट विचारायचा तर इव्हान इलिच यांच्याकडे जावे लागते, कारण सायकलची इतकी मनापासून बाजू घेणारा आणि परोपकारावर इतका कठोर प्रहार करणारा दुसरा विचारवंत विसाव्या शतकात सापडत नाही. व्हिएन्नात 1926 साली जन्मलेल्या आणि कॅथलिक धर्मगुरू म्हणून आयुष्य सुरू केलेल्या इलिच यांनी 1973 साली ऊर्जा आणि समता यांच्या संबंधावर दीर्घ निबंध लिहिला. त्यांच्या हिशेबानुसार, त्या काळी मोटार बाळगणारा सामान्य अमेरिकन माणूस ती चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिच्यासाठी लागणारा पैसा कमावण्यात वर्षाला 1,600 तास घालवत असे आणि त्या बदल्यात साडेसात हजार मैल जात असे. भागाकार केला तर ताशी पाच मैलांहून कमी वेग हाती लागतो, आणि तो पायी चालणाऱ्याहून फारसा अधिक नाही. याउलट सायकलवरचा माणूस पादचाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि तरीही त्याच्या एकपंचमांश शक्ती खर्च करतो. बॉल बेअरिंग, तारांचे चाक आणि हवा भरलेला टायर या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि माणसाला दुसऱ्या कुणाची शक्ती, जागा किंवा वेळ न हिरावता दूर जाता येऊ लागले, हे इलिच यांना यंत्रयुगातील मोठे नैतिक यश वाटत होते. ताशी पंधरा मैलांच्या वर वाहनाचा वेग गेला की समता घटू लागते, हा त्यांचा सिद्धान्त जसाच्या तसा पटत नाही. रुग्णवाहिकेला तो लावता येणार नाही. तरी वेग वाढला की वाटेवरचा माणूस दिसेनासा होतो, हे त्यातील तथ्य कुणालाही महामार्गावर उभे राहून तपासता येईल.

याच इलिच यांनी 20 एप्रिल 1968 रोजी मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे, उन्हाळ्याच्या सुटीत मेक्सिकन खेड्यांत सेवा करायला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर जे भाषण केले ते आजही झोंबते. तुमच्या सद्हेतूंना माझ्या लेखी किंमत नाही, असा त्याचा आशय होता. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही त्यांचे भले कशात आहे हे तुम्ही कोणत्या आधारावर ठरवता, असे त्यांनी विचारले. स्वतःच्या देशातील गरिबांमध्ये काम करा, तेथे निदान नकार तोंडावर ऐकू येईल, असे सुचवले. आणि शेवटी सांगितले की पाहायला या, डोंगर चढा, फुलांचा आनंद घ्या, शिका, पण मदत करायला येऊ नका. हिशेबी आक्षेपक दात्याला विचारतो की तुझा पैसा कुठे पोचला. इलिच विचारतात की ज्याच्या दारात तू उभा आहेस त्याने तुला बोलावले होते का, आणि हा प्रश्न कितीतरी खोल जातो.

हा प्रश्न आजच्या बहुतेक दानयात्रांना लावला तर त्या टिकत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 सुमारे 3,700 किलोमीटर लांब आहे, आणि तो ठरावीक दिवसांत कापण्याचे लक्ष्य ठेवले की मागून गाडी येते, गाडीत सुटे भाग, पाणी आणि वैद्य येतो, हॉटेलांची आगाऊ नोंदणी होते. ज्यांच्यासाठी पैसा जमतो ते एका टोकाला, जे देतात ते दुसऱ्या टोकाला, आणि मधला देश केवळ अंतर म्हणून उरतो.

या व्यवस्थेत नेमके काय हरवते ते पंक्चर काढण्याच्या साध्या क्रियेवरून समजते. गाडी सोबत असेल तर दोन मिनिटांत चाक बदलले जाते. गाडी नसेल तर सायकल हाताने ढकलत फाट्यावरच्या दुकानापर्यंत न्यावी लागते. तेथे दुकानदार टायर उचकटून ट्यूब बाहेर काढतो, तिच्यात हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवतो, बुडबुडे निघालेली जागा अंगठ्याने दाबून धरतो, ती पुसून खरवडतो, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबतो आणि मग ठिगळ बसवून ठोकतो. या अर्ध्या तासात कुठून आलात, कुठे निघालात, कशासाठी, हे विचारले जाते, चहा येतो, आणि पुष्कळदा पैसे घेतले जात नाहीत. ज्याला देश ‘लाभार्थी’ समजतो तो येथे यजमान असतो आणि दाता म्हणून निघालेला माणूस याचक असतो. सायकल हे वाहन दात्याला असे गरजू करते, यातच दानाच्या प्रवासातील तिचे खरे मोल आहे. जानेवारी 1978 मध्ये सेवाग्राम येथे गांधीजींच्या बापूकुटीविषयी बोलताना इलिच यांनी, माणूस सोयी जमवत जातो तसतसे त्याचे परावलंबन वाढते, असा विचार मांडला होता. त्याला येथे एवढी पुस्ती जोडावी लागेल की सोयींवरचे अवलंबन आणि माणसांवरचे अवलंबन ही दोन भिन्न अवलंबने आहेत, आणि पहिले कमी केल्याखेरीज दुसरे वाढत नाही.

सेवाग्रामच्याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट येथे, जन्मलेल्या बाबा आमटे यांनी 24 डिसेंबर 1985 रोजी, म्हणजे साने गुरुजींच्या जयंतीच्या दिवशी, कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ ही सायकलयात्रा काढली. इलिच यांच्या प्रश्नाला मिळालेले ते सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा मणक्याच्या विकारामुळे बसू शकत नसल्याने त्यांच्या सोबत गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. मदतीची गाडी या यात्रेतही होती, म्हणून मागे गाडी आहे एवढ्यावरून कुठल्याही यात्रेला दोष देता येत नाही. ती गाडी भेटी वाचवण्यासाठी आहे की भेटीपर्यंत पोचता यावे म्हणून आहे, हे पाहावे लागते. हात मागण्यासाठी नसावेत, मारण्यासाठीही नसावेत, निर्मितीत गुंतावेत, या आशयाची घोषणा घेऊन यात्रा निघाली होती. इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरची शिखांची कत्तल होऊन जेमतेम वर्ष उलटले होते, पंजाब करारावर सही करणारे संत लोंगोवाल यांचा ऑगस्टमध्ये खून झाला होता, आणि अशा वेळी दक्षिणेच्या टोकाकडून निघालेले हे तरुण पंजाबातल्या लोकांकडे पाहुणे म्हणून जात होते. साने गुरुजींनी ‘आंतरभारती’ या शब्दाने जी कल्पना मांडली, म्हणजे भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकून एकमेकांना घरच्यासारखे ओळखावे ही कल्पना, येथे चाकांवर चढली होती. पुढे 1988 साली अरुणाचलमधील इटानगरहून गुजरातमधील ओखापर्यंत दुसरी यात्रा निघाली.

यावर दोन शंका येतील. पहिली अशी की, ही यात्रा दानाची नव्हतीच, मग तिचा दाखला दानयात्रांना कसा लागू व्हावा. परंतु दान घेणाऱ्याला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हे बाबांचे मत केवळ भाषणापुरते नव्हते. 1949 साली कुष्ठरुग्णांसाठी स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन त्याच मतावर वसले, आणि रुग्णांच्या हातची भाजी विकत घ्यायला जवळच्या वरोऱ्याचे लोक सुरुवातीला तयार नव्हते, तरी शेती थांबली नाही. पुढे 1954 साली ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी स्वयंसेवक तेथे येऊन रुग्णांच्या बरोबरीने बांधकामावर राबले, आणि परके लोक तेथे राहतात, जेवतात, हे पाहून गावाची भीती ओसरली. इलिच यांचा निषेध येथे अपुरा पडतो, कारण या पाहुण्यांनी रुग्णांसाठी काय करायचे हे ठरवले नव्हते; रुग्णांच्या कामात ते सामील झाले होते.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. यात्रेने पंजाबातील हिंसा थांबली नाही. ती त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिली, आणि परिणाम मोजणारा आक्षेपक हे वाक्य पुढे करून खटला जिंकल्याचे जाहीर करील. त्याला द्यावयाचे उत्तर एवढेच की, रक्तपात थांबवणे हे शासनाचे आणि राजकारणाचे काम होते व त्याच्या अपयशाचा हिशेब सायकलस्वारांच्या नावे लिहिता येत नाही. त्यांच्या नावे लिहायचे ते हे की, शेजारी शेजाऱ्याला भीत असण्याच्या काळात काही तरुण अनोळखी दारांत गेले.

म्हणून यंदा निघणाऱ्यांना विनंती आहे की, निधीचा आकडा वेगळ्या कागदावर लिहावा, आणि प्रवासाच्या कागदावर मुक्कामाची गावे, तेथील यजमान आणि त्यांच्याकडे करायचे काम यांची नोंद करावी, त्यासाठी दिवस वाढले तरी वाढू द्यावेत. महामार्ग 44 हिंगणघाटवरूनच जातो. नागपूरहून दक्षिणेला येताना हिंगणघाटच्या अलीकडे जामचा चौरस्ता लागतो, तेथून चंद्रपूरकडे वळणाऱ्या रस्त्यावर वरोरा आहे, आणि वरोऱ्यात आनंदवन आहे.