उहुरू आणि उमोजा

व्हिक्टोरिया सरोवरावर दोन बोटी होत्या, सख्ख्या बहिणी. स्कॉटलंडात बांधलेल्या, सुटे भाग करून आणलेल्या आणि केनियातल्या किसुमू बंदरात पुन्हा जोडलेल्या. एकीचं नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. दुसरीचं नावच एकी, स्वाहिलीत उमोजा.

दोघींचं काम एकच. रेल्वेचे मालडबे पोटात घ्यायचे आणि युगांडातल्या पोर्ट बेलला नाहीतर टांझानियातल्या म्वांझाला पोचवायचे. तिन्ही बंदरांत रूळ मीटरगेजच. पण खरी कसोटी धक्क्याला लागताना. बोटीवरचे रूळ धक्क्यावरच्या रुळांना अगदी नेमके भिडायला हवेत. बोटभर चुकलं तर डबा जागचा हलत नाही. खलाशी दोर ताणत, कुणीतरी ओरडे, "अजून थोडं, अजून थोडं!" मग खट्‌ असा आवाज होई आणि सगळे घाम पुसत.

1 डिसेंबर 1967 रोजी दोघी पूर्व आफ्रिकी समुदायाच्या छत्राखाली आल्या. रेल्वे, बंदरं, टपाल, विमानं, सगळं केनिया, युगांडा आणि टांझानिया या तिघांच्या सामाईक मालकीचं. कचेरी टांझानियातल्या अरुशात.

"बाई गं," एकदा उहुरू म्हणाली, "केनियाहून निघताना मी साबण-कापडाने भरलेली असते. परतताना निम्मी रिकामी."

"ते मलाही दिसतं," उमोजा म्हणाली. "कारखाने सगळे केनियाच्या काठावर."

हे तिघांनाही कळत होतं. युगांडा आणि टांझानिया या दुबळ्या दोघांच्या नव्या कारखान्यांना आडोसा म्हणून शेजाऱ्याच्या मालावर थोडा कर लावायची सोयही समुदायाच्या करारात होती. तेवढ्याने मन भरलं नाही. 1971 मध्ये युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावली. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे त्याच्याबरोबर बसायला तयार होईनात, आणि त्यानंतर समुदाय मोडेपर्यंत तिन्ही राष्ट्राध्यक्षांची बैठक झालीच नाही. रेल्वेची जमा रक्कम तिच्या नैरोबीतल्या मुख्यालयाकडे पाठवताना हात आखडू लागले. आपल्याकडेही भाऊबंदकीत चुलीच्या आधी वह्याच वेगळ्या होतात.

1977 मध्ये सामाईक विमान कंपनी बुडाली, टांझानियाने केनियाची सीमा बंद केली, आणि वाटण्या सुरू झाल्या. उहुरू केनियाकडे गेली. उमोजा टांझानियाकडे. युगांडाच्या हाती दोघींतली एकही लागली नाही. कथा रचणाऱ्याने ही नावं मुद्दाम ठेवली असती तर संपादकाने भडक म्हणून कापली असती.

उरलेल्याचा हिशेब करायला व्हिक्टर उंब्रिख्त नावाचा स्विस मध्यस्थ आणावा लागला. 1984 मध्ये समझोता झाला: केनिया 42 टक्के, टांझानिया 32, युगांडा 26. बेरीज बरोबर शंभर.

म्वांझाला उभ्या उमोजाने वाऱ्याबरोबर निरोप धाडला, "आपल्या दोघींमधलं पाणी कुणाच्या वाट्याला आलं गं?"

उहुरूने बरेच दिवस उत्तर दिलं नाही. किसुमूच्या धक्क्यावर रुळांच्या फटीत गवत वाढत होतं.

नोव्हेंबर 1999 मध्ये तिघांनी पुन्हा अरुशातच नव्या करारावर सह्या केल्या. त्या रात्री, म्हणतात, उहुरूला दुरून बहिणीचा भोंगा ऐकू आला. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या खलाशाने विळ्याने गवत कापलं, अंधारात पाण्याकडे तोंड केलं आणि घसा साफ करून हाळी घातली, "अजून थोडं... अजून थोडं..."