थोडक्यातला विश्वासूपणा

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात दोन शब्द नित्य येतात. देवावर भरवसा ठेवतो तो 'विश्वासणारा', आणि ज्याच्यावर दुसऱ्याने भरवसा ठेवावा तो 'विश्वासू'. मूळ एकच, पण दिशा उलट. पहिल्या नावावर आपण सहज हक्क सांगतो. दुसरे नाव मात्र स्वतःस लावून घेता येत नाही, ते इतरांनी द्यावे लागते. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात, अन्यायी कारभाऱ्याच्या दृष्टान्तानंतर, येशू या दुसऱ्या नावाची कसोटी सांगतो. आणि ती मोठ्या त्यागाची नव्हे, तर थोडक्याची आहे. हे वचन मी बाळपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ मात्र पन्नाशी उलटल्यावर, एका क्षुल्लक प्रसंगाने कळला.

नांदेडातील उन्हाळा होता. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून, गुणांच्या याद्या भरून, मी तो पाठवून दिला होता. संध्याकाळी मेज आवरताना एक पुरवणी हाती लागली. दोरा सुटून ती वहीपासून वेगळी झाली असावी. चार पाने, दोन प्रश्न, आणि वर एक क्रमांक. नाव नाही, गाव नाही. ती परत करावयाची म्हणजे पत्र लिहावयाचे, हलगर्जीपणा कबूल करावयाचा, कनिष्ठांपुढे खाली पाहावयाचे. मी ती खणात ठेविली. दोन दिवस ती तेथेच राहिली. आणि त्याच दोन दिवसांत एका सभेत मी सदसद्विवेकबुद्धीवर तासभर व्याख्यान दिले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुरवणी घेऊन गेलो व चूक कबूल केली. गुण दुरुस्त झाले. त्या परीक्षार्थीचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याचा मला अधिकारही नव्हता.

त्या दोन दिवसांत मी मनाची समजूत एकाच वाक्याने घालीत होतो : 'एवढीशी तर गोष्ट!' एवढीशी, पण कोणाला? मला. शेकडो उत्तरपत्रिकांतील ती चार पाने होती. लिहिणाऱ्यास मात्र ते त्याचे एक वर्ष होते. कर्तव्याचा लहानपणा आपण नेहमी करणाऱ्याच्या बाजूने मोजतो. ज्याच्यासाठी ते करावयाचे त्याच्या बाजूने मोजून पाहत नाही, हाच आपला हिशेबातील दोष होय.

आमच्या मराठवाड्यास याचे एक भीषण उदाहरण परिचित आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मेली. घरे दगडमातीची, भिंती चांगल्या रुंद, वर मातीचे जड माळवद. परंतु भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन पदर असत. मध्ये गोटे व माती भरलेली, आणि दोन्ही पदर सांधणारे लांब दगड बहुधा नसत. हादरा बसताच पदर सुटले आणि माळवद निजलेल्यांवर आले. यात मी कोणा गवंड्यास दोषी धरीत नाही. हा प्रदेश भूकंपाचा नव्हे, अशीच सर्वांची, जाणत्यांचीही, समजूत होती. मी त्या दगडाकडे फक्त बोट दाखवितो. भिंत पुरी झाली की तो कोणास दिसत नाही. बांधणाऱ्यास तो अनेकांतला एक. आत निजणाऱ्यास मात्र तोच सर्वस्व.

मोठ्या कामांनी नाव मिळविलेल्या माणसांनीही हे ओळखले आहे. पंडिता रमाबाईंची १८८२ सालची हंटर आयोगापुढील साक्ष आपण आठवतो. दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी केडगावी उभारलेले मुक्तिसदन आठवतो. पण आयुष्याची अखेरची जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी कशात घालविली? हिब्रू व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित बायाबापड्यांस कळेल अशा साध्या मराठीत बायबल उतरविण्यात. मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ नंतर बाहेर पडला. एका शब्दासाठी कोश उलटणे, एक मुद्रित तपासणे, यांत टाळ्या नाहीत. परंतु जिच्या घरी तेवढे एकच पुस्तक, तिला त्यातील एक दुर्बोध शब्द म्हणजे बंद झालेले दार होय.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ही कारकुनी नीती झाली. घड्याळाप्रमाणे वागणारा, पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस अन्याय पाहूनही स्वस्थ बसू शकतो. आक्षेप खरा आहे, आणि तो प्रथम येशूनेच घेतला. पुदिन्याचाही दशमांश मोजून देणाऱ्या, पण न्याय व दया विसरणाऱ्या परूश्यांस त्याने कठोर शब्द लाविले. तथापि पुदिना मोजू नका, असे तो म्हणाला नाही. मोजणाऱ्याची नजर स्वतःच्या निर्दोषतेवर खिळली होती, पलीकडच्या माणसावर नव्हती, हा त्याचा रोख होता. नुसता काटेकोरपणा आणि विश्वासूपणा यांत भेद असेल तर तो एवढाच. काटेकोर माणूस आपली वही स्वच्छ राखतो. विश्वासू माणसास वहीच्या पलीकडे कोणी तरी दिसत असते.

म्हणूनच मला वाटते की, थोडक्यातला विश्वासूपणा ही मोठ्या प्रसंगाची तालीम नव्हे. मोठा प्रसंग बहुतेकांच्या वाट्यास येतच नाही. पुरवणी मात्र प्रत्येकाच्या मेजावर असते. दर वर्षी नवा गठ्ठा येतो. आता तपासण्यापूर्वी मी प्रत्येक वहीचा दोरा ओढून पाहतो. याला कोणी धर्म म्हणणार नाही. पण रविवारी उपासनेत मी विश्वासणारा म्हणून उभा राहतो, तेव्हा दुसरे नाव मला मिळाले की नाही, हे नावगाव नसलेल्या अशा क्रमांकांनीच ठरवावयाचे आहे.